एक्का-पंजी एकाच रंगाची: सन्मानाने बाद होण्याची रीत

नो-लिमिट होल्डेमच्या स्पर्धेत जिंकावे कसे, यावर ग्रंथांचे ढीग आहेत. हरावे कसे, यावर मात्र कुणी धड लिहीत नाही, आणि गरज तर त्याचीच जास्त. 2017 साली लास व्हेगासला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत 7,221 जण बसले. त्यांतल्या 7,220 जणांना केव्हा ना केव्हा उठावेच लागले. तेव्हा बाद होणे ठरलेलेच. उठताना चारचौघांत तोंड कसे दाखवायचे, एवढेच आपल्या हातात. सत्ती-दुर्रीवर सगळ्या चिप्स उधळणाऱ्याला टेबल मूर्खात काढते. दोन राजे घेऊन हरलात तर लोक हळहळतात, पण दोन राजे यायचे 221 डावांत एकदा. तोवर ब्लाइंड भरता भरताच माणूस संपतो. या दोन्ही अडचणींतून सोडवणारा हात म्हणजे एक्का आणि त्याच्याच रंगाचे दुर्रीपासून नव्वीपर्यंतचे कोणतेही पान. आठ प्रकार, चार रंग. 1,326 संभाव्य हातांपैकी 32, म्हणजे सरासरी एकेचाळीस डावांत एकदा. चूक सर्वस्वी आपली असताना तिला दुर्दैवाचे रूप देण्यात या हाताची बरोबरी दुसरा कोणताही हात करू शकत नाही.

हा हात आला की साधकाने कॉल करावे. रेज करू नये, फोल्ड तर मुळीच नाही. त्यातही तासाभरात दोनच हात खेळणाऱ्या एखाद्या सोवळ्या गृहस्थाने सुरुवातीच्या जागेवरून रेज केले असेल, तर ती संधी दवडूच नये. त्याच्याकडे एक्का-राजा असला तर आपली एक्का-पंजी शंभरात तिसेक वेळा जिंकते, दोन राण्या असल्या तर साधारण एक तृतीयांश वेळा. आशा जिवंत राहावी आणि चिप्स जाव्यात, यासाठी यापेक्षा चांगले प्रमाण शोधून सापडणार नाही. दोन्ही पाने एकाच रंगाची आहेत ना, असा धीर मनाला द्यावा. त्या रंगाची किंमत मोजायला मात्र जाऊ नये. समोर कोणताही हात असला असे धरले, तर वेगवेगळ्या रंगांची एक्का-पंजी शंभरात सुमारे 58 वेळा सरस ठरते आणि एकाच रंगाची 60 वेळा. एवढ्या दोन टक्क्यांवर आपला सारा प्रपंच उभा आहे.

आता फ्लॉप. तिथल्या तिथे फ्लश होण्याचा योग सुमारे 119 डावांत एकदा, त्यामुळे त्याची भीती बाळगू नये. आपल्या रंगाची दोन पाने पडून फ्लशची आस लागते ती शंभरात अकरा वेळा. अशा वेळी रिव्हरपर्यंत फ्लश होण्याची शक्यता 35 टक्के, हा आकडा जपमाळेसारखा घोळवत राहावा. तो दोन पानांचा आहे, पुढच्या एका पानाला जेमतेम 19 टक्के मिळतात आणि समोरचा टर्नवर पुन्हा पैसे मागणार आहे, हे लक्षात येऊ देऊ नये. पण खरी बहार एक्का पडतो तेव्हा. तसे शंभरात सतरा वेळा होते. एक्क्याची जोडी झाली की पंजीचे अस्तित्वच विसरावे. समोरचा फ्लॉपवर, टर्नवर, रिव्हरवर पैसे लावत राहतो, आपण भरत राहतो आणि शेवटी त्याचा राजा उलटतो. आपल्याहून हलका हात असलेला माणूस तिन्ही वेळा पैसे लावत नसतो, हे टेबलावर सगळ्यांना ठाऊक असते. आपल्यालाही असते, पण आपल्याकडे एक्का असतो.

यावर अभ्यासू मंडळी आक्षेप घेतील की संगणकी सॉल्व्हर तर एक्का-पंजी, एक्का-चव्वी घेऊन आनंदाने री-रेज करतात. करतात, आणि त्यांचे कारणही चोख आहे. एक एक्का आपल्या हातात असला की समोरच्याला दोन एक्के मिळण्याचे सहा मार्ग तीनवर येतात, एक्का-राजाचे सोळा बारावर. शिवाय पंजी दुर्री-तिर्री-चव्वीशी जुळून सिक्वेन्स करू शकते. नव्वीला ते जमत नाही, म्हणून दिसायला मोठी असूनही या कामी ती कमी पडते. पण नेमके इथेच सॉल्व्हर आपल्या उपयोगाचा नाही. री-रेज केल्यावर समोरचा बऱ्याचदा पाने टाकून देतो. ब्लाइंड आपल्याकडे येतात, पाने उघडतच नाहीत, आणि सांगायला गोष्ट उरत नाही. दहा बिग ब्लाइंड उरले असताना, बाकी सगळ्यांनी पाने टाकली की स्मॉल ब्लाइंडवरून कोणताही एक्का घेऊन ऑल-इन जावे, या हिशेबाचेही तसेच. तो बरोबर आहे, म्हणूनच टाळावा. आधी कॉल करकरून चार ब्लाइंडांवर यावे, म्हणजे ऑल-इनला कुणी घाबरणार नाही आणि बिग ब्लाइंडवाला न बघताच कॉल करील.

दुसरा आक्षेप आपल्याकडचाच, दिवाळीच्या तीन पत्तीत तयार झालेल्यांचा. एक्का-दुर्री-तिर्री म्हणजे केवढी मातब्बर सिक्वेन्स, असे ते म्हणतात. पोकरमध्ये एक्का ते पंजी ही सर्वांत हलकी सिक्वेन्स, आणि तिथे कलर सिक्वेन्सला मारतो, तीन पत्तीच्या अगदी उलट. हे अज्ञान दूर करण्याची घाई नसावी. साधकाचे ते भांडवल आहे. ऑगस्ट 2025 मधल्या केंद्राच्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणल्यापासून भांडवल गुंतवायला मांडवीवरच्या कसिनो-बोटींपर्यंत जावे लागते, एवढाच काय तो त्रास.

बक्षिसांची रांग सुरू व्हायला एक-दोन जण उरले असताना हा हात आला तर सोन्याहून पिवळे. अशा वेळी दुप्पट झालेल्या चिप्सची पैशांतली किंमत दुप्पट होत नाही, गमावलेल्यांची मात्र पुरेपूर जाते. म्हणून शहाणे लोक तेव्हा कॉल करताना दहादा विचार करतात. आपण एकदाही करू नये.

कुणी 2017 च्या त्या स्पर्धेचा शेवटचा डाव पुढे करील. डॅन ऑटकडे चौकटचे एक्का-अठ्ठी, स्कॉट ब्लुमस्टीनकडे वेगवेगळ्या रंगांची एक्का-दुर्री, आणि सगळ्या चिप्स फ्लॉपआधीच मध्ये. गुलाम, छक्की, पंजी, मग सत्ती. उरलेल्या 44 पानांत ब्लुमस्टीनला वाचवणाऱ्या तीनच दुर्र्या, आणि रिव्हरवर त्यांतली एक आली. ऑट दुसरा आला. पण त्याचा दाखला इथे चालायचा नाही. तो पुढे होता, त्याचा हिशेब बरोबर होता आणि नशीब खरोखरच वाईट होते. यात साधना कुठे आहे? आपल्या माणसाने मागे असताना पैसे घालायचे असतात आणि उठताना शेजाऱ्याला फक्त इतकेच सांगायचे असते की एक्का होता, रंगही एकच होता. दुसरे पान कोणते, ते त्याने विचारले तरच सांगावे.