दोन लाखांचं रसग्रहण

एडिसन, न्यू जर्सी
ऑक्टोबर, रविवार दुपार

ती. आप्पा आणि ती. सौ. आईस,


कपड्यांची दुसरी खेप मशीनमध्ये फिरते आहे, ती थांबेपर्यंत जेवढं लिहून होईल तेवढं. आप्पांनी फोनवर टाकलेल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येत नाही, कारण मध्येच कुमुदआत्याचा गुडघा येतो आणि गुडघा बदलेपर्यंत विषय बदलत नाही. आधी आईची काळजी मिटवते. आमची सई नापास वगैरे होत नाहीये. ती देणार आहे त्या परीक्षेत नापास असा प्रकारच नाही. १ ते ५ मधला एक आकडा हातात ठेवतात आणि त्याचं काय करायचं ते ज्याचं त्याचं कॉलेज ठरवतं. त्यामुळे शेजारच्या काकूंना ‘तिकडे इंग्रजीतच गचकली’ असं सांगू नकोस. सांगून झालं असेल तर दुरुस्ती कर. भडंग आणि मेतकूट पोचलं. भडंगाचं पुढे काय झालं हे विचारू नये.

आता आप्पा. पोरगी इंग्रजीत भांडते, इंग्रजीत स्वप्नं बघते, मग तिला इंग्रजीची शिकवणी कशाला, हा तुमचा प्रश्न. सांगलीतली सगळी पोरं पाळण्यात असल्यापासून मराठीत रडतात, तरी जन्मभर त्यांना मराठी शिकवून तुम्ही पेन्शन घेताच ना? ही भाषेची नाही, साहित्याची परीक्षा आहे. कॉलेज बोर्ड नावाची संस्था ती घेते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास शाळेतच करायचा आणि मे महिन्यात ३ तासांचा पेपर द्यायचा. पहिल्या तासात उताऱ्यांवर ५५ पर्यायी प्रश्न, त्यांना ४५ टक्के वजन. उरलेल्या २ तासांत ३ निबंध, त्यांना ५५ टक्के. पहिला निबंध कवितेवर, दुसरा कथा-कादंबरीतल्या उताऱ्यावर, आणि दोन्ही समोर ठेवूनच प्रश्न विचारतात. तिसऱ्यात नुसता एक मुद्दा देतात. त्यावर आपण वाचलेली कादंबरी किंवा नाटक आपणच निवडून लिहायचं. नेमलेलं पुस्तक नाही, त्यामुळे ‘कवीला काय म्हणायचे आहे’ हे आदल्या रात्री पाठ करायची सोय नाही. हल्ली पेपर कॉम्प्युटरवर टाइप करायचा असतो, म्हणजे सुवाच्य अक्षराचे तुमचे लाडके दोन गुणही गेले.

आणि ह्या परीक्षेसाठी इथला एक क्लासवाला तासाला १२० डॉलर मागतो. आई, गुणाकार करू नकोस, मी करून देते: दहा हजार रुपये तास. सुटे तास घ्यायची त्याची इच्छा नसते; तो २० तासांचं पॅकेज पुढे करतो, म्हणजे दोन लाख. एवढ्यात ओंकारची बारावी, क्लास, त्याचं ते मोबाइलचं खूळ आणि नंदूकाकाच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सगळं भागेल. परीक्षेची फी वेगळी, शंभर डॉलरच्या आसपास. ती भरायची तऱ्हा तर आणखीच पाहण्यासारखी. परीक्षा मे महिन्यात, पण नाव नोंदवायचं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. उशीर झाला तर ४० डॉलर दंड. वेळेत नोंदवलं आणि पुढे पोरीचा विचार बदलला, तरी ४० डॉलर दंड. अभ्यास जमेल की नाही हे कळायच्या आधीच निर्णयाची फी घ्यायची, हा शोध ज्याने लावला त्याला आपल्या बोर्डाने शाल-श्रीफळ देऊन शिकून घ्यावं. ह्या तारखेमुळेच ऑक्टोबरात घरोघरी घबराट सुटते आणि क्लासवाल्यांचे फोन वाजू लागतात. तुमचा जावई श्रीरंग पॅकेज घ्यायच्या बाजूचा, मी विरुद्ध. ह्याला तुम्ही भांडण म्हणालात. मी मतभेद म्हणते.

माझं म्हणणं ह्या परीक्षेच्या गुणांच्या हिशेबावरच उभं आहे. प्रत्येक निबंधाला ६ गुण असतात. आपलं मुख्य विधान नीट मांडल्याचा १. प्रगल्भतेचा १. मधले ४ गुण पुराव्याचे आणि त्यावरच्या भाष्याचे: उताऱ्यातली नेमकी जागा दाखवायची आणि ती आपलं म्हणणं कसं सिद्ध करते ते उलगडून सांगायचं. आता क्लासच्या जाहिराती बघा. मुख्य विधानाचे तयार साचे, त्यात कवीचं नाव आणि अलंकार भरले की झालं. प्रगल्भतेचा गुण खेचून आणणारी खास वाक्यं. म्हणजे दोन लाख मोजायचे ते सहातल्या दोन गुणांसाठी, आणि त्यातलाही प्रगल्भतेचा गुण सुट्या वाक्याला मिळत नाही. मधलं विवेचन खोल गेलं तरच तो हाती लागतो. आमटीत डाळच नसताना वरून कोथिंबीर भुरभुरवायची, असा हा उद्योग. उरलेले चार गुण कुठल्याही साच्यात बसत नाहीत, कारण उतारा दर वर्षी नवा. ते मिळवायचे तर एकच उपाय: पोरीने लिहावं आणि कोणीतरी ते वाचून प्रत्येक वाक्याला ‘कशावरून?’ असं विचारावं. ती चिडेपर्यंत विचारावं, आणि चिडल्यावर पुन्हा एकदा विचारावं.

उदाहरण देते, नाहीतर तुम्ही म्हणाल नुसतंच बोलते. शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ घ्या, १८४७ ची. पहिल्याच प्रकरणात ती अनाथ पोरगी मामीच्या घरी खिडकीच्या कट्ट्यावर चढून, लाल पडदा ओढून, पक्ष्यांचं पुस्तक वाचत बसते. क्लासमध्ये तयार झालेलं मूल लिहिणार: पडदा हे एकाकीपणाचं प्रतीक आहे. कशावरून? पडद्याने घर अडवलं, पण दुसऱ्या बाजूला काच आहे आणि काचेतून तिला नोव्हेंबरची उदास दुपार दिसते आहे. म्हणजे ती नुसती लपलेली नाही. आपल्याला दिसेल पण आपण दिसणार नाही अशी जागा तिने हेरली आहे. मग मामेबहीण तिची जागा सांगून टाकते, आणि मामेभाऊ तिला ऐकवतो की ह्या घरातली पुस्तकं घ्यायचा तुला हक्क नाही, आणि वर ती वाचत होती तेच पुस्तक तिच्या अंगावर फेकतो. म्हणजे तिच्याकडून जागा जाते आणि पुस्तकही जातं, दोन्ही तिची नव्हतीच म्हणून. इथपर्यंत आलं की एकाकीपणा बाजूला राहतो आणि मालकीचा मुद्दा वर येतो. चार गुण ह्या प्रवासाचे आहेत. आणि आप्पा, दहावीच्या पोरांना रसग्रहण शिकवताना आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन परिच्छेद पाडून देऊन झाल्यावर तुम्ही हाच ‘कशावरून?’ विचारायचात. पोरं तीन परिच्छेद पाठ करून पास व्हायची, ते निराळं.

श्रीरंगचे आक्षेप मी लपवून ठेवत नाही. तो म्हणतो, क्लासवाल्याला परीक्षेच्या खाचाखोचा माहीत असतात. असतील, पण त्या गुपित नाहीत. कॉलेज बोर्डच जुने प्रश्न, मुलांनी लिहिलेले नमुना निबंध, त्यांना मिळालेले गुण आणि ते का मिळाले ह्याचं स्पष्टीकरण इंटरनेटवर फुकट टाकतं. कमी गुणांचा आणि जास्त गुणांचा निबंध शेजारी ठेवून वाचले की निम्मी शिकवणी तिथेच झाली. दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो वजनदार आहे: चांगला आकडा मिळाला तर पुष्कळ कॉलेजं त्या विषयाचं क्रेडिट देतात, आणि इथे एका विषयाची फी ऐकून तुमच्या पेन्शनला घेरी येईल. पण कुठे ३ ला क्रेडिट, कुठे ४ ला, कुठे ५ लाच, आणि काही ठिकाणी ५ मिळूनही नाही. सईचं कॉलेज तर अजून ठरायचंय. ज्या बक्षिसाचा पत्ता माहीत नाही त्याच्या भरवशावर दोन लाख लावणं, हे तुम्ही बंड्यामामाला शेअर बाजाराबद्दल जे सुनावलंत त्यातच बसतं. (बंड्यामामा त्यानंतर सुधारला का? आई काही बोलली नाही, म्हणजे नसणार.)

तिसरा आक्षेप मला मान्य आहे. शाळेतली बाई चांगली असली तरी वर्ग मोठा आणि असे वर्ग अनेक. प्रत्येकाचा प्रत्येक निबंध बारकाईने वाचणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणजे वाचणारं माणूस बाहेरून आणावंच लागणार. चौथाही थोडा मान्य: सतराव्या शतकातली कविता आली तर उलटसुलट वाक्यरचना आणि बायबलातले संदर्भ पोरीच्या डोक्यावरून जातात. आपल्या घरात विठोबा आणि पंत आहेत, बायबल नाही. तेवढ्यापुरते चार-दोन तास पैसे देऊन घ्यायला माझी ना नाही. मी भांडते ते पॅकेजशी.

तर वाचणारं माणूस. सांगलीत एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांना पहाटे पाचला जाग येते आणि सातपर्यंत चहाशिवाय काम नसतं. तुमचे सकाळचे साडेसहा म्हणजे सध्या आमचे रात्रीचे नऊ. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे नेली की आठ. आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल, सईने निबंध आदल्या दिवशी पाठवायचा. तुमचं इंग्रजी वाचन तिच्या वर्गातल्या कुणाहीपेक्षा जास्त आहे, आणि उच्चारांचे गुण ह्या परीक्षेत नाहीत. अटी दोन. एक, तिचं वाक्य तुम्ही लिहून द्यायचं नाही. तुमची ती खोड अख्ख्या न्यू इंग्लिश स्कूलला माहीत आहे. दुसरी, प्रत्येक उत्तरात ज्ञानेश्वरी आणायची नाही. महिन्यातून एकदा चालेल.

सरावाला २०१० चा तिसरा प्रश्न घ्या असं सुचवते. त्यात एडवर्ड सईद यांचे वनवासाबद्दलचे विचार दिले आहेत: घरापासून तुटण्याची जखम भरून निघत नाही, आणि तरीही तो अनुभव माणसाला समृद्धही करू शकतो. कादंबरी, नाटक किंवा महाकाव्यातलं असं तुटलेलं पात्र घ्यायचं आणि परकेपणा नि समृद्धी दोन्ही दाखवायच्या. महाकाव्य चालतं म्हटल्यावर तुम्ही अयोध्याकांड उघडाल ते मला इथून दिसतंय, पण नियमाने ते चूक नाही. दिलेल्या यादीबाहेरची त्या तोडीची साहित्यकृती घेता येते. सई इथेच जन्मली, तिला हा प्रश्न पुस्तकातला. मला तो दर दिवाळीला सक्तीचा असतो, पर्यायाशिवाय. परकेपणाची बाजू मी पानंच्या पानं लिहीन आणि पुरावे इथल्या मिठाईच्या दुकानातूनच देईन, जिथे चकली नोव्हेंबरभर एकाच बरणीत उभी असते. समृद्धीचं विचारलं की श्रीरंग घराच्या कर्जाचे हप्ते दाखवतो. तुमचा आवाज आठवड्यातून दोनदा ह्या घरात ऐकू यावा, तोही ‘तब्येत सांभाळा’च्या पलीकडचं काही बोलताना, हा माझा स्वार्थ ह्या सगळ्या युक्तिवादात आहे. तो श्रीरंगने ओळखला आणि मला बोलून दाखवला. स्वार्थ आहे म्हणून गुणांचा हिशेब बदलत नाही, असं मी त्याला म्हटलं. त्यावर त्याने कशावरून, असं विचारलं नाही.

मशीन थांबलं. आप्पांनी होकार-नकार ह्या आठवड्यात कळवावा, कारण पॅकेजवरची तथाकथित सवलत शुक्रवारी संपते आणि श्रीरंगचा हात कार्डाकडे वळवळतो आहे. आईने मध्ये पडून ‘ह्यांना दगदग नको’ म्हणायचं नाही. दगदग नसली की ते तुझ्या फोडणीत लक्ष घालतात, हे तूच सांगितलंस. कुमुदआत्याला नमस्कार, ओंकारला आशीर्वाद.

तुमची,
मंजू

ता. क. नंदूकाकाने रिडेव्हलपमेंटच्या कागदावर सही करण्याआधी भाड्याचं काय ते बिल्डरकडून लेखी घ्यावं. आणि लिफ्टच्या वर्गणीवरून जोशी आजोबांशी अबोला धरला आहे तो सोडावा. इमारतच पाडणार आहेत तर लिफ्ट कुठे नेणार?