रेघेचा स्वाभिमान

दोन फाइलींचे पत्ते एकच आहेत का, एवढंच सांगायला स्वतंत्र लायब्ररी लिहिली जाते, ही प्रगतीची खूणच. युनिक्सने फोल्डरांमध्ये तिरकी रेघ घातली. डॉसने ती रेघ आधीच आज्ञांच्या पर्यायांना देऊन टाकली होती. म्हणून १९८३मध्ये तिथे फोल्डर अवतरले, तेव्हा रेघ उलटी झुकली. जुन्या मॅकने तर बाणेदारपणे कोलन ठेवला. लहान लिपीतला ‘रिपोर्ट’ आणि मोठ्या लिपीतला ‘रिपोर्ट’ या लिनक्सला दोन फाइली, विंडोजला एकच. म्हणजे एक द्वैती, दुसरा अद्वैती. शिवाय ‘कॉन’, ‘पीआरएन’, ‘ऑक्स’ ही नावं विंडोज डॉसकालीन उपकरणांसाठी राखून ठेवतं, पंगतीत मानकऱ्यांचं पान राखावं तशी.

हे वैभव जपायलाच हवं. आमची नम्र सूचना : प्रत्येक फाइलला प्रणालीनिहाय रहिवासी दाखला द्यावा, रेघेच्या कोनासाठी त्रिसदस्यीय समिती नेमावी आणि हरकतींना तीस दिवसांची मुदत ठेवावी. तोवर लायब्ररी आहेच. ती सर्व प्रणालींवर चालते, असं तिच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिलं आहे. विंडोज १०वर ती अजून कुणाला उतरवता आलेली नाही, कारण तिच्या मुख्य फाइलचं नाव ‘ऑक्स’ आहे.