खोटी पहाट

पितृपंधरवड्यात काशीला मामांकडे उतरलात तर झोपेवर तीळपाणी सोडूनच जा. सर्वपित्री अमावास्या इतरांना पितरांसाठी हवी असते, मामांना अंधारासाठी. पहाटे चारला पांघरूण ओढलं जातं. "चल गुरू, धूळ दाखवतो!"

धूळ अर्थात साधीसुधी नव्हे. धूमकेतूंनी, लघुग्रहांनी मागे टाकलेली, ग्रह फिरतात त्याच पातळीत पसरलेली. सूर्य अजून खूप खाली असतो, पण त्याचा उजेड या कणांवरून विखुरतो आणि पूर्वेला राशिचक्राच्या वाटेवर एक फिकट, तिरपा सुळका उभा राहतो. भाद्रपद-आश्विनात पहाटे तो छान दिसतो. 'दिसतो' हे क्रियापद मामांचं. मी तीन वर्षं नुसता ताटकळलोय.

दुर्गाघाटाजवळची गच्ची, डोक्याला कानटोपी, टॉर्चला जुन्या आकाशकंदिलाचा लाल जिलेटीन कागद. मोबाइल जप्त. "वीस मिनिटं डोळे मुरू दे. रोखून नको, तिरक्या नजरेनं बघ." डोळे मुरेपर्यंत तोंडी लावायला इतिहास: खगोलशास्त्रज्ञ कासिनीनं १६८३ मध्ये या उजेडाचा अभ्यास केला, आणि 'क्वीन'च्या त्या गिटारवाल्या ब्रायन मेनं अर्धवट सोडलेली पीएचडी २००७ मध्ये याच धुळीवर पुरी केली. हे सांगताना मामा माझ्याकडे बघतात. माझी अजून अर्धवटच आहे.

"सुबह-ए-बनारस बघायला दुनिया येते," मामा कळवळतात, "आणि तिच्या आधीची ही सुबह-ए-काजिब, खोटी पहाट, तिला कुत्रं विचारत नाही! अरे, बापूदेव शास्त्र्यांनी इथल्या संस्कृत कॉलेजात ज्योतिष शिकवलं. आपलेच ते!" गंगेपलीकडे वस्ती विरळ, म्हणून पूर्व बरी; पण घाटावरच्या दिव्यांशी मामांचं हाडवैर. देवदिवाळीला अख्खा गाव पणत्या बघायला लोटतो, मामा खिडक्या लावून बसतात. वर पौर्णिमा, म्हणजे दुहेरी सुतक.

यंदा सव्वाचारला अचानक वीज गेली. गल्लीतून पंखे बंद पडलेल्यांच्या शिव्या उठल्या, मामांच्या तोंडून मात्र "हर हर महादेव!" पलीकडच्या तीरावर, भस्माचं बोट पुसावं तसं काहीतरी पांढुरकं... की धुकं? तेवढ्यात दिवे आले.

"दिसलं?" मामांचा आवाज कापत होता.

"दिसलं मामा."

जिन्यात चहा घेऊन उभ्या असलेल्या मामी हळूच म्हणाल्या, "नवी होते ना, तेव्हा मीपण असंच म्हणायचे रे."