सही, तारीख, वेळ

रुग्णालयाचे मानांकन म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांनी येऊन, ठरलेल्या निकषांवर रुग्णालय पारखून, ते विश्वासास पात्र असल्याचे लेखी सांगणे. भारतात हे काम भारतीय गुणवत्ता परिषदेचे एनएबीएच हे मंडळ करते, आणि त्याच्या २०२० च्या पाचव्या आवृत्तीत दहा प्रकरणे, १०० मानके व त्यांखाली पडताळून पाहण्याजोगे ६५१ घटक होते. पारखणारे येण्याच्या आदल्या आठवड्यात कर्करोग विभागात जे बोलणे होते, त्याचा एक पुणेरी नमुना पुढे दिला आहे. रुग्णालय कल्पित असून पात्रे केवळ नमुन्याची आहेत. प्रत्यक्षात असे बोलणे निम्मे इंग्रजीत चालते, येथे ते ग्रंथात शोभेल अशा मराठीत उतरवले आहे, त्यामुळे शल्यविशारद असतात त्याहून सौम्य वाटतील, त्याला इलाज नाही.

गुणवत्ता-व्यवस्थापिका : सर, ट्यूमर बोर्डाची, म्हणजे शल्यविशारद, औषधोपचारतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचा उपचार ठरवतात त्या मंडळाची, वर्षभराची इतिवृत्ते हवी आहेत.

ज्येष्ठ शल्यविशारद : बैठक दर गुरुवारी होते.

व्यवस्थापिका : कोठे?

शल्यविशारद : लिफ्टमध्ये. किरणोपचाराचे यंत्र जाड भिंतींच्या आड ठेवावे लागते म्हणून ते तज्ज्ञ तळघरात असतात, विकृतिशास्त्रज्ञ चौथ्या मजल्यावर असतात, आणि दोघांची गाठ अन्यत्र पडल्याचे कोणी पाहिलेले नाही.

व्यवस्थापिका : जे लिहिलेले नाही ते घडलेच नाही, असे मानांकनाचे सूत्र आहे. याच शहरात पेशवे दफ्तर आहे, सर. त्यात अडीचशे वर्षांपूर्वीच्या खर्चाच्या नोंदी रुमालांत बांधलेल्या सापडतात, आणि येथे मागच्या गुरुवारची नोंद सापडत नाही.

शल्यविशारद : पेशव्यांना दुपारी ओपीडी नव्हती.

व्यवस्थापिका : आता औषधे. व्हिन्क्रिस्टीन हे शिरेतूनच द्यायचे औषध चुकून पाठीच्या कण्यातील द्रवात गेले तर बहुधा प्राणावरच बेतते, म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता सलाईनच्या लहान पिशवीत भरावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मेट्रन : ते येथे काटेकोर पाळले जाते, आणि औषध देण्यापूर्वी दोन सिस्टर रुग्णाचे नाव, मात्रा व मार्ग स्वतंत्रपणे ताडून पाहतात.

व्यवस्थापिका : तसे असेल, परंतु महिनाभराच्या सह्या एकाच शाईत आणि एकाच दमात केलेल्या दिसतात.

मेट्रन : त्याचे कारण औषधशास्त्रीय नाही. रात्रपाळीच्या सिस्टरांची पेने डॉक्टर नेतात. महिनाअखेरीस एखादे परत मिळते.

(येथे शल्यविशारदांनी खिशावर हात ठेवला.)

व्यवस्थापिका : किरणोपचार विभागाचे बॅज? अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे १९८३ साली स्थापन झालेल्या आणि असल्या यंत्रांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार, किरणांजवळ काम करणाऱ्याच्या छातीवर मापक बॅज असावा लागतो आणि तो ठरावीक काळाने तपासणीस पाठवावा लागतो.

तंत्रज्ञ : बॅज हरवू नयेत म्हणून ते कपाटात कुलपात ठेवलेले आहेत. आजवर कपाटाला किरणोत्सर्गाची बाधा झालेली नाही. सर्व अहवाल उत्तम आहेत.

शल्यविशारद : हा सारा अमेरिकी उद्योग दिसतो.

व्यवस्थापिका : मुळात तसाच आहे. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी, प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले हे रुग्णालयाने शोधून जाहीर करावे, असा आग्रह धरला, आणि १९१५ साली सहकाऱ्यांना न रुचणारे एक व्यंगचित्र भर सभेत उघडून दाखवले. पुढे ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ या शल्यविशारदांच्या संघटनेने रुग्णालयांसाठी किमान मानके ठरवली, ती एका पानात मावत होती, आणि पहिल्या पाहणीत ६९२ रुग्णालयांपैकी केवळ ८९ उतरली.

शल्यविशारद : मग उरलेल्यांची नावे?

व्यवस्थापिका : यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून १९१९ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातील भट्टीत जाळण्यात आली.

शल्यविशारद : समंजस माणसे होती.

मावशी (फरशी पुसत) : येथे जमणार नाही. जाळायच्या पिवळ्या पिशवीत कापूस, बँडेज आणि केमोचा कचरा जातो. नुसता कागद गेला तर गाडीवाला पिशवी परत करतो.

व्यवस्थापिका : कॉडमन यांचा प्रश्न मात्र जळला नाही. त्याच संघटनेने १९२२ साली कर्करोगासाठी वेगळा आयोग नेमला, आणि गेल्या पाच वर्षांत निदान झालेल्या ९० टक्के रुग्णांचा ठावठिकाणा रुग्णालयाला ठाऊक असावा, अशी त्याची अट आहे. आपल्याकडे मुंबईत १९६३ साली कर्करोगाची नोंदणी, म्हणजे एका प्रदेशातील प्रत्येक निदानाची मोजदाद, इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. पुण्याच्या नोंदणीचे कर्मचारीही रुग्णालयोरुग्णालयी फिरतात. ते उद्या येतील, आणि या वहीतला ‘सद्यःस्थिती’ हा रकाना कोरा आहे.

शल्यविशारद : रुग्ण परत आला नाही म्हणजे बरा झाला.

या विधानाला सांख्यिकीत नाव नाही. व्यवहारात ते फार प्रचलित आहे.

मावशी : सात नंबरचे भोरचे आजोबा गेले, सर. त्यांची सून औषधाची उरलेली पाकिटे परत करायला आली होती, तिने जिन्यात सांगितले. अकरा नंबरच्या बाई मात्र ठणठणीत आहेत; मंडईत पालेभाजीच्या गाळ्यावर बसतात आणि सरांची आठवण काढतात.

बराच वेळ कोणी बोलले नाही.

व्यवस्थापिका : आजोबा कधी गेले, मावशी?

मावशी : वसुबारसेला. दिवेलागणीला.

व्यवस्थापिकांनी वही उघडली, पंचांगावरून तारीख काढून लिहिली आणि वेळेच्या जागी ‘सायंकाळ’ असे लिहिले. माहिती देणाऱ्याची सही हवी होती. शल्यविशारदांनी खिशातले पेन काढून मावशींच्या हाती दिले. त्याच्या टोपणावर पांढऱ्या चिकटपट्टीवर ‘वॉर्ड ३, रात्रपाळी’ असे लिहिलेले होते.