बाकीचे पंधरा

कोल्हापूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागल्या आणि केएसएकडे, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, फुटबॉल खेळाडूंची नोंदणी सुरू झाली, की प्रत्येक पेठेतल्या एका माणसाच्या अंगात येतं. त्याला कुणी नेमलेलं नसतं. तालमीच्या कार्यकारिणीत त्याचं नाव नसतं, केएसएच्या समितीत नसतं, आणि पंचांच्या यादीत असण्याचा तर प्रश्नच नाही, कारण पंच ही जात त्याला मुळात मान्य नाही. तरीही सोळा संघांच्या लीगमध्ये यंदा वर कोण राहणार आणि खाली कोण जाणार, हे पहिली शिटी वाजायच्या आत सांगून मोकळं होण्याचा मान त्याचाच. कुणी त्याला तात्या म्हणतं, कुणी मामा, कुणी नाना. आपण आबा म्हणू. शिवाजी पेठेत एक आबा आहेत. मंगळवारात दोन आहेत, ते एकमेकांशी बोलत नाहीत. रविवार, बुधवार, फुलेवाडी, कुठंही जा, आबा भेटतील. मी ज्यांच्याबद्दल सांगतोय ते आबा कुठल्या तालमीचे, हे मात्र विचारू नका. मला रोज मिरजकर तिकटीवरून जावं लागतं.

परगावच्या वाचकाला एवढं सांगायला हवं, की कोल्हापूरचा फुटबॉल कंपन्यांचा नाही, तालमींचा आहे. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, जुना बुधवार पेठ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. ज्या मंडळाचा गणपती त्याच मंडळाची टीम, आणि दोन्हींच्या वर्गणीला येणारी पोरंही तीच. मुख्य गोष्ट म्हणजे मैदान सगळ्यांचं एकच, शाहू स्टेडियम. घरचा सामना आणि बाहेरचा सामना ही भानगड इथं नाही. लिव्हरपूलच्या माणसाला मँचेस्टरची टीम पारखायची तर तिकडं जावं लागतं, नाहीतर टीव्ही लावावा लागतो. आबा पायरीवर रुमाल टाकून बसतात आणि बाकीच्या पंधरा टीमा आपापल्या पायांनी चालत त्यांच्यापुढं येतात. एवढी सोय असल्यावर माणूस जाणकार होणार नाही तर काय होणार?

खेळाडू नोंदणीच्या दिवसांत या तालमीतून त्या तालमीत जातात, आणि आबांचं खरं काम तिथून सुरू होतं. गेल्या साली आपल्याकडं असलेला लेफ्ट बॅक यंदा समोरच्यांकडं गेला, की आबांना त्याच्यात एकदम गुण दिसायला लागतात. आपल्याकडं होता तेव्हा त्याला उजवा पाय नव्हता. आता दोन्ही पाय आहेत, शिवाय हेडिंग सुधारलंय. उलट समोरच्यांचा नावाजलेला फॉरवर्ड आपल्याकडं आला, तर आबा नुसते "बघू" म्हणतात. या "बघू"मध्ये इतका संशय असतो, की त्या बिचाऱ्याला पहिल्या सामन्याआधीच दुखापत झाल्यासारखं वाटावं.

परदेशी खेळाडूचं प्रकरण वेगळं. आफ्रिकेतून आलेले खेळाडू कोल्हापूरला आता नवे नाहीत. चहाच्या टपरीवर त्यांना नावानं हाक मारणारी पोरं आहेत. पण दर हंगामात एखादा असा उतरतो ज्याची कुणालाच काही माहिती नसते, आणि नेमकं त्याच्याबद्दल आबांना सगळं ठाऊक असतं.

"त्यो नवा आलाय न्हवं, त्यो तिकडं वरच्या डिव्हिजनला खेळलाय."

"तुम्हाला कुणी सांगितलं, आबा?"

"सांगाय कशाला लागतंय? चालीवरनं कळतंय. बसमधनं उतरताना बघितला मी."

आबांना डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलंय. किती चालायचं ते डॉक्टरांनी सांगितलं, कुठं चालायचं ते आबांनी ठरवलं. ज्या मैदानावर ज्या दिवशी दुसऱ्या तालमीचा सराव, त्या मैदानाला त्या दिवशी पाच फेऱ्या. गांधी मैदानावर कॉर्नरचा सराव चालू असला की आबांना नेमका गोलपोस्टच्या मागं दम लागतो. दहा मिनिटं तिथं थांबून, कोण उंच उडतोय आणि कोण उडाल्यासारखं करतोय हे टिपून, ते गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर येतात. म्हशीच्या धारेचा फेसाळ पेला तोंडाला लावून झाला की मिशी पुसतात आणि अहवाल सुरू होतो.

"डिफेन्स बरा हाय त्यांचा. पर स्टॉपर! मर्दा, उसाच्या डबल ट्रॉलीगत वळतोय त्यो. ह्यो वळूपतोर बॉल जाळीत."

म्हशीवाल्यासकट सगळे हसतात. आबा हसत नाहीत. कारण त्यांनी विनोद केलेला नसतो, निदान केलेलं असतं.

आता आबांच्या शास्त्राकडं यायला हवं, कारण वरवर ती नुसती बडबड वाटते आणि तशी ती नाही. नीट कान देऊन ऐकलं तर एक गोष्ट ध्यानात येते. आबा प्रतिस्पर्धी टीमला कधीच सरसकट वाईट म्हणत नाहीत. एखाददुसरा खेळाडू ते मोडीत काढतील, पण टीम म्हटली की "भारी हाय यंदा." पाटाकडील भारी आहे. प्रॅक्टिस भारी आहे. दिलबहारनं टीम चांगली बांधलीय. खंडोबाची पोरं अंगानं भरलीत. अगदी खालच्या गटातून यंदाच वर आलेली टीमसुद्धा "डोकं वर काढणार बघ." पंधराच्या पंधरा टीमा भारी असतील तर लीगमध्ये खाली जाणार कोण, हा हिशेबाचा प्रश्न आबांना विचारण्यात अर्थ नाही. त्यांचा हिशेब निराळा आहे. समोरची टीम भारी ठरवून ठेवली आणि आपण हरलो, तर भारी टीमकडून हरलो. जिंकलो, तर बघा कुणाला हरवलं. बरोबरीत सुटलो, तर एवढ्या भारी टीमला रोखलं. तिन्ही दरवाजे आपल्याच अंगणात उघडतात. समोरच्याला कच्चा म्हणणारा जाणकार दोन हंगामांच्या वर टिकत नाही. आबा पेठेत टिकून आहेत ते याच सावधपणामुळं, आणि माझ्या मते पुष्कळशा पगारी समालोचकांना हे अजून साधलेलं नाही.

आणि आपली टीम?

तिच्याबद्दल आबा बोलत नाहीत. कट्ट्यावर कुणी नवखा विचारतो, "आबा, मग आपलं काय यंदा?" आबांचा पेला अर्ध्यावर थांबतो. ते रस्त्याकडं बघतात. "आपलं काय," ते म्हणतात, "पोरं हैत. खेळतील." एवढंच. ज्या माणसाला पंधरा गोलकिपरांचे कमजोर हात ठाऊक आहेत, कुठल्या मिडफिल्डरची लग्नाची बोलणी चालू आहेत आणि त्यामुळं त्याचं लक्ष कुठं आहे हे ठाऊक आहे, त्याला स्वतःच्या टीमबद्दल चार शब्दांच्या वर सुचत नाही. सुचतं खरं तर. बोलत नाहीत. आपल्या पोरांना चांगलं म्हटलं तर दृष्ट लागते, वाईट म्हटलं तर ते घरात सांगण्यासारखं आहे, चौकात नव्हे. बाकीच्या पंधरा टीमांवरचं सगळं भाषण म्हणजे या सोळाव्या टीमबद्दलची धास्ती दुसऱ्यांच्या नावावर खर्ची टाकणं आहे.

लीग सुरू होते. दोन-तीन सामन्यांनंतर पेपरात गुणतक्ता छापून येतो आणि आबा चष्मा लावतात. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. इंग्लंडनं हा हिशेब १९८१ साली सुरू केला, त्याआधी विजयाला दोनच गुण होते. आबांच्या मते त्या बदलामुळं बरोबरीची इज्जत गेली. तक्त्यात वर असलेल्या टीमनं सहा गोल घातले असतील तर आबा विचारतात, "घातले, पर कुणाला?" एखादी टीम रडतखडत एका गोलनं जिंकली असेल तर, "ह्येला म्हणत्यात चॅम्पियन टीम. वाईट खेळून जिंकत्यात." जी टीम दोन्ही सामने हरून तळाला गेलीय तिच्याबद्दल, "ती नंतर उठत्या." हे शेवटचं वाक्य मात्र नुसतं बोलायचं म्हणून नसतं. त्याला आबांकडं पुरावा आहे, आणि तो नातवानं पुरवलाय.

नातू इंजिनिअरिंगला आहे आणि रात्री मोबाईलवर इंग्लंडची लीग बघतो. त्यानंच आबांना क्रिस्टल पॅलेसची गोष्ट सांगितली. २०१७ च्या हंगामात या लंडनच्या टीमनं पहिले सातच्या सात सामने गमावले, तेही एकही गोल न करता. चौथ्या पराभवानंतरच प्रशिक्षक फ्रँक डी बोअर यांना घरी पाठवलं होतं. तीच टीम हंगामाच्या शेवटी अकराव्या नंबरवर आली. आबांना ही गोष्ट इतकी आवडली, की पेठेत आता ती पॅलेसची न राहता जुन्या काळच्या कुठल्यातरी कोल्हापुरी टीमची म्हणूनही सांगितली जाते. नातवानं दुसरी बाजूही सांगितली होती. २००८ साली हल सिटी पहिल्यांदाच वरच्या डिव्हिजनला आली, सुरुवातीलाच आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर हरवलं, पुढच्याच सामन्यात टॉटनहॅमला हरवलं, ऑक्टोबरात पहिल्या तिघांत जाऊन बसली, आणि शेवटी फक्त एका गुणानं खाली जायची वाचली. ही गोष्ट आबा तेव्हाच काढतात जेव्हा शेजारची तालीम सुरुवातीला वर असते.

आणि अर्जेंटिना तर हुकमाचा एक्का. २०२२ च्या वर्ल्ड कपात, ३६ सामने न हरलेली मेस्सीची टीम पहिल्याच सामन्यात सौदी अरेबियाकडून २-१ नं हरली. त्या संध्याकाळी पेठांतल्या अर्जेंटिनावाल्यांची तोंडं काय झाली असतील आणि ब्राझीलवाल्यांनी काय काय ऐकवलं असेल, हे लिहायची गरज नाही. २२ नोव्हेंबरला हरलेली ती टीम १८ डिसेंबरला जगज्जेती झाली. आपली टीम पहिला सामना हरली, की आबा कुणाला काही बोलू न देता म्हणतात, "सौदी आठव." एवढ्यावर विषय संपतो.

नातवाचं आणि आबांचं पटत नाही असं घरच्यांना वाटतं. नातू म्हणतो, दोन-तीन सामन्यांवरून काही ठरत नाही, किती संधी निर्माण केल्या, त्यातून सरासरी किती गोल व्हायला हवे होते ते मोजा. आबा म्हणतात, व्हायला हवे होते ते गोल तुझ्या मोबाईलमध्ये ठेव, आम्हाला जाळीतले दाखव. पण मी त्या नातवाला रात्री मित्रांशी बोलताना ऐकलंय. मँचेस्टर सिटीचं मिडफिल्ड यंदा कसं आहे, लिव्हरपूलनं कुणाला घेतलं, चेल्सीचा गोलकिपर कुठं चुकतो, तास तास चालतं. तो स्वतः आर्सेनलचा. ती टीम २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं दुसरी आली. मित्रानं विचारलं, "आणि आर्सेनल?" नातू म्हणाला, "त्याचं नको काढू." आजोबांचं रक्त मोबाईलमधूनही बरोबर वाहतं.

अंदाज चुकल्यावर आबांचं काय होतं, असं तुम्ही विचाराल. काहीच होत नाही. हंगामाच्या सुरुवातीला त्यांनी प्रत्येक टीमबद्दल एवढं बोलून ठेवलेलं असतं, की शेवटी काहीही झालं तरी त्यातलं एखादं वाक्य लागू पडतंच. "मी काय म्हटलं हुतं?" ते विचारतात, आणि खरंच त्यांनी तसं म्हटलेलं असतं. उलटंही म्हटलेलं असतं, पण ते कुणाच्या लक्षात नसतं, त्यांच्या तर नसतंच. याला खोटेपणा म्हणू नये. सगळं गावच असं आहे. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप झाला, त्यात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा त्याला लहानपणीच ओळखलेली माणसं कोल्हापुरात अचानक एवढी निघाली, की ती सगळी शाहू स्टेडियमवर मावली नसती.

एक कबूल करायला हवं. सामन्यात गोंधळ होतो, गॅलरीतून बाटल्या फेकल्या जातात, पोलीस शिट्ट्या वाजवत पायऱ्या चढतात, तेव्हा आबा कधी त्यात नसतात. समोरच्या पंधरा टीमांचा एवढा अभ्यास केलेल्या माणसाला त्यांच्यावर दगड मारता येत नाही. स्टॉपरला डबल ट्रॉली म्हणणारे आबा तोच स्टॉपर पाय धरून खाली बसला तर पहिले उठून उभे राहतात आणि "स्ट्रेचर आणा रे" म्हणून ओरडतात. बाहेर आल्यावर मात्र म्हणतात, "वळायला गेला असंल."

तुम्ही कधी हिवाळ्यात कोल्हापूरला आलात तर अंबाबाईचं दर्शन घ्या, मिसळ खा, आणि दुपारी स्टेडियमवर जा. लीगचा पहिला आठवडा गाठलात तर उत्तम. डोक्याला टोपी असू द्या, पायऱ्या तापतात. आबा कुठंही सापडतील, त्यांच्या शेजारी बसा आणि बाकीच्या पंधरा टीमांबद्दल मनाला येईल ते विचारा, सूर्य मावळेपर्यंत उत्तरं मिळतील. त्यांच्या स्वतःच्या टीमबद्दल मात्र काही विचारू नका.