हा तोच!

लग्नात आहेराच्या पाकिटाला चिकटवलेला रुपया नखाने सोडवून उलटसुलट बघणारा माणूस तुमच्याही नात्यात असणारच. सालाखाली तारा असला तर हैदराबादची टांकसाळ, ठिपका असला तर नोएडा, हिरा असला तर मुंबई आणि काहीच नसलं तर कोलकाता, हे सगळं तो नवरदेवाला स्टेजवरच ऐकवतो. मागे रांग खोळंबलेली असते. आमच्याकडच्या या माणसाला सगळे नाणासाहेब म्हणतात.

पूर्वी नाणासाहेब पुण्याच्या जुन्या बाजारात उकिडवे बसून शिवराया निवडत. समोर विकणारा, शेजारी दुसरं गिऱ्हाईक. संशय घ्यायला निदान चेहरे तरी होते. आता लिलाव मोबाइलवर आले. तिथे बोली लावणाऱ्याचं पहिलं आणि शेवटचं अक्षर तेवढं दिसतं, मधे सगळ्या फुल्या. पण त्या फुल्यांमागे कोण दडलंय, हे नाणासाहेबांना आधीच ठाऊक असतं.

“हा तोच!”

तोच म्हणजे डोंबिवलीकर. दोघांची ओळख मुंबईतल्या एका नाणेप्रदर्शनात झाली. एकाच शिवराईवर दोघांचा हात एकाच वेळी पडला होता. तेव्हापासून लिलाव संपायला मिनिट उरलं असताना कोणी बोली लावली की हा तोच. आकडा एकवीसशे एक असला तरी हा तोच, “वर एक रुपया लावायची खोड दुसऱ्या कोणाला?” कोणीच बोली लावली नाही तर “दबा धरून बसलाय, हा तोच.” एकदा दोन अनोळखी माणसं एकमेकांवर बोली चढवत होती. आता तरी सुटका होईल असं वाटलं, तर नाणासाहेब म्हणाले, “दोन्ही तोच. एक बोली स्वतःच्या नावाने, दुसरी सुनेच्या.”

हे वेड लिलावापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. मंडईत त्यांच्या डोळ्यांदेखत कोणी शेवटची मेथीची जुडी उचलली, की ते त्या माणसाच्या पाठीकडे रोखून बघत राहतात. मुलीला डोंबिवलीहून स्थळ सांगून आलं तेव्हा पत्रिका न उघडताच म्हणाले, “हे त्यानेच पाठवलंय.” काकूंनी कपाळाला हात लावला.

पण अगदीच निष्कारण संशय होता असंही नाही. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ हे साल १८७४ पर्यंत तसंच छापलं जात होतं. खरं साल खालच्या ठिपक्यांवरून ओळखायचं, असं संग्राहक मानतात. असाच एक रुपया लिलावात आला आणि डोंबिवलीकरांनी ग्रुपवर एवढंच लिहिलं, “फोटो मोठा करून ठिपके मोजा.” नाणासाहेबांनी मोजले. एक जास्त भरला. रात्रभर जागून त्यांनी तो रुपया चौपट भावाने घेतला. कुरिअर आलं, आणि भिंगाखाली धरायच्या आधीच तो जास्तीचा ठिपका अंगठ्याला चिकटून निघून आला. मळ होता.

नाणासाहेबांनी सूड उगवला तो १९३९च्या रुपयावर. हा चांदीचा रुपया इतका दुर्मीळ, की साल बदलून बनवलेले नकली रुपयेच जास्त भेटतात. डोंबिवलीकर त्याच्यासाठी सहा महिने पैसे साठवत होते. नाणासाहेबांनी लिलावाच्या सकाळी ग्रुपवर भोळेपणाने विचारलं, “नऊचं शेपूट जरा वेगळं वाटतंय का हो?” झालं! सगळे मागे हटले, डोंबिवलीकरही. मैदान मोकळं. पण संध्याकाळपर्यंत फोटो बघून बघून नाणासाहेबांनाच ते शेपूट वेगळं वाटायला लागलं. रुपया सुरतेच्या कोणीतरी निम्म्या भावात नेला. अस्सल निघाला.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. २०१२ साली माता वैष्णोदेवीचं चित्र असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली, आणि त्यांना लाखो रुपये मिळतात अशी आवई उठली. जुनी नाणी-नोटा विकत घेतो म्हणत बँकेचं नाव वापरणारे भामटे इतके माजले, की २०२१ साली रिझर्व्ह बँकेला, आपला त्याच्याशी काही संबंध नाही, असं जाहीर करावं लागलं. तरी नाणासाहेबांच्या दारी असे लखपती रोज यायचे. ते प्रत्येकाला पाणी देत आणि हळू आवाजात सांगत, “मोठं गिऱ्हाईक डोंबिवलीला आहे. हा घ्या नंबर.”

यंदा डोंबिवलीकरांचा अख्खा संग्रह लिलावात निघाला. काचबिंदूने नजर गेली होती. भिंग लावूनही साल दिसेना. नाणासाहेब यादी वाचत बसले. पंचम जॉर्जचा १९११चा रुपया होता, ज्याच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून सरकारला तो मागे घ्यावा लागला. ती पहिली शिवराई होती. आणि अगदी शेवटी: ‘माता वैष्णोदेवी, पाच रुपये, ४३ नग.’

म्हणजे नाणासाहेबांनी पाठवलेल्या एकालाही डोंबिवलीकरांनी रिकाम्या हाताने परत धाडलं नव्हतं. रिक्षाभाडं सुटेल एवढे पैसे देऊन प्रत्येकाचं नाणं ठेवून घेतलं होतं.

त्या रात्री नाणासाहेब काही बोलले नाहीत. पण प्रत्येक नाण्याचा भाव पडायला लागला की कोणीतरी शेवटच्या मिनिटाला तो उचलून धरत होतं. इतकी वर्षं मी या माणसाला कंजूष समजत होतो. अजूनही समजतो, पण त्या एका रात्रीपुरता नाही. वैष्णोदेवीची बोली नऊ हजार एकवर पोचली तेव्हा फोन वाजला.

“नाणासाहेब, दोनशे पंधरा रुपयांच्या चिल्लरीला नऊ हजार कोण देतं हो?”

“मला काय माहीत? असेल कोणी सुरतेचा.”

“डोळे गेलेत, अक्कल नाही. मुलगा आकडे वाचून दाखवतोय. दोन्ही बोल्या तुमच्याच. एक तुमची, एक वहिनींची.”

नाणासाहेबांनी पैसे भरले. काकू अजून बोलत नाहीत. आणि वैष्णोदेवीच्या नाण्यांना लिलावात नऊ हजार आले, ही बातमी, या वेळी चक्क खरी असल्यामुळे, दुप्पट वेगाने फिरते आहे. काल माझ्या मेहुण्याने पाच रुपयांचं एक नाणं फडक्यात गुंडाळून आणलं. मी त्याला पाणी दिलं आणि नाणासाहेबांचा नंबर दिला.