पेढे राहिले, बांगडे चालले

अहो, ऐकलंत का? जरा गडग्याजवळ या, मोठ्याने बोलायची सोय नाही. काकी अजून बाल्कांवात बसलीय आणि तिचे कान... असो. तर तिची सून चालली! हो, शेवटी चालली. परवा मोपा विमानतळावरून मुंबई आणि तिथून पुढे इंग्लंडात, स्विंडनला नवऱ्याकडे. आणि त्या बॅगांवरून काल त्या घरात जे काही झालं ना... मी काही मुद्दाम गेले नव्हते हां. त्यांच्याकडची पोरं वजनकाटा मागायला आली, तो लटकवायचा, आमच्या ह्यांनी आणलेला. आता काटा माझा म्हटल्यावर मी नको का जायला?

मुलगा कसा गेला ते तुम्हाला ठाऊकच आहे. 2012 ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि काकांचे दोन टिपर अंगणात उभे राहिले. मध्ये जरा धूळ उडायला लागली, तर 2018 ला सुप्रीम कोर्टाने 88 लीजच रद्द करून टाकली. आख्ख्या डिचोलीत त्या वर्षी बँकेचं नाव काढलं की माणसं विषय बदलायची. पोराने मात्र तोवर कागद जमवायला घेतलेच होते. काकांचा जन्म 1958 चा ना, मुक्तीच्या आधीचा! म्हणजे लिस्बनच्या लेखी पोर्तुगीज. पण काकांकडे बघून कोण म्हणेल हो? मराठी शाळेत शिकलेला माणूस, पोर्तुगीज म्हणाल तर पाव, बटाट आणि जनेल, संपलं! दर 19 डिसेंबरला, मुक्तिदिनाला, इस्त्रीचा सदरा घालून झेंडावंदनाला पहिल्या रांगेत. आणि ह्यांचाच जन्म लिस्बनच्या वहीत चढवायचा? काकी सांगते, एक अक्षर बोलले नाहीत. सही केली, चष्मा खिशात घातला आणि कुळागरात पाणी सोडायला निघून गेले. जेवायलासुद्धा हाक मारावी लागली.

बरं, सही करून भागतं थोडंच? काकांच्या बापाच्या नावातला ‘श’ पोर्तुगीज कारकुनाने आपल्या रीतीने एक्स घालून लिहिलेला, आणि शाळेच्या दाखल्यात तोच एसएचने. म्हणजे कागदावर माणसं झाली दोन! ती दोघं एकच, हे शपथेवर लिहून द्या, जुन्या नोंदीचं तेऊर काढा, शिक्के मारा, पणजीला फेऱ्या घाला. म्हाताऱ्याने जन्मात डिचोलीचा बाजार ओलांडला नसेल, पण मेल्यावर त्याचं नाव लिस्बनपर्यंत गेलं.

आणि तेव्हा थोरल्या घरची वैनी काय बोलली होती, आठवतं? भर चतुर्थीत, माटोळीखाली उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ‘लोकांनी मुक्तीसाठी लाठ्या खाल्ल्या, आणि आमच्या घरात परत पोर्तुगीज जन्मले हो!’ काकीच्या हातात नेवऱ्यांचं ताट होतं. तिचा चेहरा असा उतरला... मी पाहिलाय ना. काकांनी फक्त आरतीचा आवाज वाढवला. त्या दिवसापासून दोन्ही घरांत देणंघेणं वाटीपुरतं.

तर काय सांगत होते... हां, सून. पोरगा 2019 ला पोचला आणि 2020 च्या फेब्रुवारीत रजा काढून लग्नाच्या सह्या करायला आला. तेव्हा सगळे हसले, एवढी घाई कसली म्हणून. पण पोराने बरोब्बर ताडलं होतं. पोर्तुगीज पासपोर्टला ब्रिटनचं दार 31 डिसेंबर 2020 ला मिटलं, पण त्याच्या आधी लग्न नोंदलेलं, म्हणून हिला आता फॅमिली परमिट मिळालं, तेही फी न भरता. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न 2022 चं, नवरा तिथेच, तसाच पासपोर्टवाला. तर तिला साधा बायकोचा व्हिसा काढायचा आणि नवऱ्याला वर्षाचा 29,000 पौंड पगार दाखवायचा! एका सहीचा फरक. बहीण काल आली होती बॅगा भरायला. घड्या घालत होती, पण प्रत्येक घडी दोनदा घालत होती, बिचारी.

मग इतकी वर्षं ही इथे का राहिली, विचाराल. एकदा पोर लहान, एकदा काकांचं ऑपरेशन, एकदा काकीने देवाला कौल लावला तो डावा पडला. आता डावा पडला की पाडला... मी नाही बोलत. यंदा मात्र पहिल्याच खेपेला उजवा. भटांनी ‘देवाची आज्ञा झाली’ म्हटलं आणि काकीने पदर डोळ्याला लावला. पुढच्या मिनिटाला विचारते काय, ‘किती किलो चालतात गो?’

किलो तेवीस, एकेका बॅगेला. आणि इथून खरी गंमत. विहीणबाई आल्या पेडण्याहून, म्हणजे माझ्या माहेरच्याच बाजूच्या, रिक्षा भरून. हरमलची मिरची, सोलां, तिरफळं, उकडे तांदूळ, गालमो आणि कागदात घट्ट बांधलेले सुके बांगडे. त्या वासाने मांजर दारात येऊन बसलं. काकीने नाक मुरडलं. ‘विमानात लाज काढाल आमची,’ म्हणाली आणि आपला डबा पुढे केला. देवाच्या पायावरचे पेढे, दोन किलो. वर तुपाची बरणी.

तर त्यांचा एक भाचा बसला होता मोबाइल घेऊन. तो थंडपणे म्हणतो, ‘काकी, दुधाचं काहीच नेता येत नाही. ब्रिटनचा नियम आहे. पेढे नाही, तूप नाही. मांस पण नाही.’

‘आणि मासे?’ विहीणबाईंनी विचारलं. अगदी हळू, गरिबासारखं.

‘मासे वीस किलोपर्यंत चालतात. सुके पण.’

अहो, काकीचं ते तोंड पाहायला हवं होतं तुम्ही! देवाचा प्रसाद सीमेवर अडणार आणि बांगडा पुढे जाणार, असं कुठलं राज्य? काकी म्हणाली, ‘त्यांना देवधर्म नाही.’ विहीणबाई काहीच म्हणाल्या नाहीत, फक्त बांगड्यांच्या पुडक्यावर आणखी एक प्लास्टिक गुंडाळलं. सावकाश.

पण देव आहे हो. पाचव्या मिनिटाला तोच भाचा विहीणबाईंच्या पिशवीतून सुकं खोबरं काढतो. ‘हे बॅगेत चालत नाही. तेलामुळे पेट घेतं, विमानतळावर काढून टाकतात.’ घरच्या माडांचं खोबरं, चार दिवस उन्हात घातलेलं! आता तोंड उतरायची पाळी त्यांची. काकीने लगेच खोबऱ्याचा एक तुकडा तोंडात टाकला. ‘छान वाळलंय,’ म्हणाली.

आपली पलीकडची क्रिस्तांव शेजारीण पण आली होती, मुलासाठी चोरीसची माळ घेऊन. तोही तिथेच असतो ना, गोदामात नाइट शिफ्टला. मांस म्हटल्यावर ती माळ तशीच गळ्यात घेऊन परत गेली. जाताना म्हणते, ‘आमचं पोर्क नाही, तुमचे पेढे नाहीत, आता आपण सारखे.’ मेहुण्याने फेणी आणली, ती भट्टीवरची, पाण्याच्या बाटलीत. भाच्याने तीही बाहेर ठेवली, दुकानातली सीलबंदच हवी म्हणून. ती बाटली रात्री कुठे गेली ते मी विचारलं नाही.

तोडगा सुनेनेच काढला. गप्प पोरगी, पण डोकं आहे. तिने पेढ्यांचा डबा उचलला, देव्हाऱ्यासमोर ठेवला आणि बाजारातून खाजें मागवलं. बेसन, गूळ, आलं, तीळ. दुधाचा थेंब नाही. जत्रेचा खाऊ तो, देवाच्या पायाला लावला की प्रसादच. काकीने स्वतः लावून आणला. मग नारळ खवायचा आडाळो गेला, कपड्यांत गुंडाळून. त्याच्या पात्यामुळे बॅग दोनदा उघडावी लागली. काटा पंचवीस दाखवत होता, म्हणून पोरीच्या दोन जाड स्वेटरांपैकी एक बाहेर आलं. थंडीच्या देशात जाताना स्वेटर काढून बांगडे ठेवले हो! मी म्हटलं काही नाही. काटा माझा असला तरी संसार त्यांचा.

परवा निघतील पहाटे. पूर्वी दाबोळीला जायचं म्हणजे मांडवी आणि झुआरी, दोन नद्यांचं ट्रॅफिक. आता मोपा. ज्या पठारावर आम्ही लहानपणी करवंदं वेचली तिथे 2023 च्या जानेवारीपासून विमानं उतरतात. विहीणबाईंचं घर वाटेवरच, म्हणून चहाला तिथे थांबायचं म्हणत होत्या. काकी म्हणाली, वेळ नाही. बघू या कोण जिंकतं.

काकांचं म्हणाल तर ते बॅगांच्या खोलीत आलेच नाहीत. नातीला मांडीवर घेऊन मुळाक्षरं गिरवून घेत होते. तिला लाल पासपोर्ट मिळालाय आधीच, बापामुळे. ‘श’ आला की म्हणतात, ‘हा नीट काढ हां, बाय.’ परत परत तोच.

पण खरी बातमी तर राहिलीच. थोरल्या घरची वैनी! माटोळीखालची! आपल्या मासळीवालीने पाहिली तिला, सोमवारी, रजिस्ट्रारच्या ऑफिसात, जन्मदाखल्यांच्या खिडकीशी, हातात प्लास्टिकची फाइल. थोरले काकांहून तीन वर्षांनी मोठे, म्हणजे हिशेब करा. त्यांचा मुलगा म्हणे आयर्लंडचं बोलतोय, ब्रिटन बंद झालं तरी तिथे पोर्तुगीज पासपोर्ट चालतो ना. मासळीवालीने विचारलं, ‘वैनी, हांगा कशी?’ तर म्हणाली, जमिनीचं काम आहे.

जमिनीच्या कामाला नवऱ्याचा जन्मदाखला कधीपासून लागायला लागला हो?